पोरिरुआतलं रोमन गाव

वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतल्या एका शाळेत मला अर्ध्या वर्षाची नोकरी लागली ती एका बाईंच्या बाळंतपणामुळे. त्या क्लासिकल स्टडीज शिकवायच्या, म्हणजे ग्रीक आणि रोमन जगाचा इतिहास. त्या रजेवर निघाल्या होत्या आणि ऐनवेळी दुसरं कुणी मिळत नव्हतं. मुलाखतीत मुख्याध्यापकांनी विचारलं, "रोमन लोकांची तुम्हाला कितपत माहिती आहे?"

मी म्हटलं, "बऱ्यापैकी आहे."

ते अगदीच खोटं नव्हतं. पुण्यात मी ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवायचे. पण रोमन लोक मला ठाऊक होते ते आपल्या किनाऱ्यावरून: कोल्हापूरला सापडलेल्या काशाच्या वस्तू, सोपाऱ्याला लागणारी गलबतं, दक्षिणेत मिळालेली सोन्याची नाणी. इथे शिकवायचं होतं रोमन ब्रिटन. समुद्रातलं एक बेट, त्यावर दूरच्या शहराची सत्ता, आणि त्या सत्तेखालची गावं, शेतकरी, सैनिक, देव, बाजार. 'प्रांतातलं जीवन आणि समाज' असं त्या भागाचं नावच होतं. मुलाखत संपवून गाडीत बसले तेव्हा लक्षात आलं, की त्या बेटाच्या नकाशावर लंडन सोडून एकही गाव मला बोट ठेवून दाखवता येणार नाही.

नोकरी नाकारण्याची सोय नव्हती. माझा नवरा वेलिंग्टनला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि तिथे रीस्ट्रक्चरिंग चालू झालं होतं. हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला जाई, की तो कुणी पाहुणा राहायला आल्यासारखा वाटायचा. संध्याकाळी तो बूट काढायच्या आधीच मी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि तो म्हणायचा, "आज काही नाही गं." आज काही नाही, याचा अर्थ उद्या असेल.

आमची मुलगी त्याच शाळेत बारावीत होती. तिने मैत्रिणींच्या नादाने हाच विषय घेतलेला. म्हणजे ती माझ्याच वर्गात बसणार होती. पहिल्या दिवशी गाडीतून उतरण्याआधी ती म्हणाली, "आई, प्लीज, वर्गात माझ्याशी मराठीत बोलू नकोस. आणि डबा विसरले तर आणून देऊ नकोस. मी उपाशी राहीन, पण आणून देऊ नकोस." हे सगळं इंग्रजीत. 'आई' एवढाच शब्द मराठी. वर्गात मात्र मी तिच्यासाठी 'मिस' झाले, सगळ्यांसाठी होते तशी.

पहिले आठवडे वाईट गेले. माझं इंग्रजी बरं होतं, पण माझ्या जिभेला 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतला फरक कधी जमला नाही, आणि रोमन ब्रिटन म्हणजे सगळा व्हिला आणि वॉल, म्हणजे रोमनांनी बेटाच्या उत्तरेला आडवी बांधलेली लांबच लांब भिंत. मी 'वॉल' म्हटलं की पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारायचं, "सॉरी मिस, काय?" मी पुन्हा म्हणायचे. पुन्हा "काय?" मग मी फळ्यावर लिहायचे. माझी मुलगी बाकावर रेघोट्या ओढत खाली बघत बसायची. माझी पाण्याची बाटली पहिल्याच तासाला संपे.

त्यात आमचे विभागप्रमुख. निवृत्तीला आलेले उंच, वाकलेले इंग्रज गृहस्थ. त्यांचं बालपण इंग्लंडच्या उत्तरेला, त्या रोमन भिंतीजवळच्या खेड्यात गेलेलं. "शाळेत जाताना आम्ही त्या दगडांवर बसून सँडविच खायचो," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. ते मनाने चांगले होते, पण त्या वाक्यानंतर मला त्यांच्यासमोर तो विषय काढायचीही धास्ती वाटू लागली. टर्म संपता संपता ते माझ्या वर्गात येऊन बसणार होते. तास चांगला झाला तर पुढच्या वर्षी मला काहीतरी देता येईल, असं ते म्हणाले. 'काहीतरी' म्हणजे काय, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

पाठ्यपुस्तकात स्नानगृहाचं एक मोठं रंगीत चित्र होतं. गरम पाण्याचं दालन, थंड पाण्याचं दालन, अंगाला तेल लावून घासून घेणारे पुरुष, गप्पा मारत बसलेले व्यापारी. जमिनीखालच्या पोकळीतून गरम हवा कशी फिरायची हे बाणांनी दाखवलं होतं. अगदी खाली कोपऱ्यात एक बाण होता आणि त्यापुढे लिहिलं होतं: भट्टी. भट्टीजवळ माणूस काढलेला नव्हता.

माझे बाबा आम्हाला कुठलाही राजवाडा किंवा किल्ला दाखवायला नेत, तेव्हा गाइडला एकच प्रश्न विचारत, "इथे पाणी कोण भरायचं?" गाइड गोंधळायचा. आम्हा भावंडांना लाज वाटायची. त्या चित्रासमोर बसले असताना मला बाबांचा तो कोरडा, सभ्य आवाज आठवला आणि मी ठरवलं, पुस्तक बाजूला ठेवायचं आणि वर्गातच एक गाव उभं करायचं.

मी चिठ्ठ्या केल्या. रोमन ब्रिटनमधल्या एका लहान गावातली माणसं: टोगा घालायला शिकलेला स्थानिक सरदार, लॅटिन शिकायला घातलेली त्याची मुलगी, सिरियाहून आलेला व्यापारी, त्याने गुलामीतून सोडवून लग्न केलेली ब्रिटिश बायको, आफ्रिकेतून बदलून आलेला सैनिक, झऱ्यावरच्या देवीची पुजारीण, कर भरून टेकीला आलेला शेतकरी. आणि स्नानगृहाची भट्टी पेटवणारा गुलाम. प्रत्येकाने आपली चिठ्ठी उचलायची, त्या माणसाबद्दल वाचायचं आणि विभागप्रमुख येतील त्या दिवशी उभं राहून त्या माणसाच्या तोंडून बोलायचं.

चिठ्ठ्या वाटून मी फळ्याकडे वळले. मागे थोडी गडबड झाली, हशा पिकला, मग एकदम शांतता. मी वळून विचारलं, "काय झालं?" कुणी काही बोललं नाही. मग कुणाला काय आलं ते प्रत्येकाने सांगितलं. सगळ्यांना हसवणारा एक सोनेरी केसांचा मुलगा म्हणाला, "मी व्यापाऱ्याची बायको," आणि वर्ग फुटला. मागच्या रांगेत एक माओरी मुलगी बसायची. कमी बोलायची, पण बोलली तर नेमकं. ती म्हणाली, "भट्टीवाला गुलाम." आणि चिठ्ठी वहीत ठेवून दिली.

वर्गात माओरी घरातली ती एकटीच होती. मला वाटलं, थांबवावं, चिठ्ठ्या परत गोळा कराव्या. पण कोणतं कारण सांगून? तुझ्या रंगामुळे तुला हे नको, असं? मी शब्द शोधत राहिले आणि घंटा झाली.

घरी जाताना मोटरवेवर जोराचा वारा होता, गाडी बाजूला ढकलली जात होती. मी स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होते. माझी मुलगी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तिला ती चिठ्ठी आली नव्हती."

"म्हणजे?"

"ती त्या हसवणाऱ्याला आली होती. तो लगेच चाळे करायला लागला. साखळदंड, वाकडं चालणं, विचित्र आवाज. तर तिने त्याच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली आणि स्वतःची त्याला दिली."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"मम. असं कुणाचं सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती माओरी मुलगी शाळेत आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत विभागप्रमुखांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. ते म्हणाले, "त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला होता. तुम्ही त्यांच्या मुलीला गुलाम केलंत, असं त्यांचं म्हणणं आहे. सोमवारी ते येताहेत. मीही असेन. चिंता करू नका."

चिंता करू नका, असं इंग्रजीत म्हटलं की ते मला नेहमी चिंता सुरू करण्याची सूचना दिल्यासारखं वाटतं.

तो शनिवार-रविवार मला अजून आठवतो. शनिवारी लोअर हटच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. मी नको म्हणत होते, पण नवरा म्हणाला, "घरात बसून तू अजून खचशील." अशा कार्यक्रमांना मी भाषेसाठी जायचे. दोन तास कानावर मराठी पडलं की बरं वाटायचं. पण तिथेही मी सावध असायचे. साबुदाणावड्यांच्या टेबलापाशी कुणीतरी नवीन बाई भेटायच्या आणि आपुलकीने विचारायच्या, "तुमचं आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले?" आडनाव सांगितलं की एक क्षण जायचा. अगदी लहानसा. मग त्या म्हणायच्या, "अच्छा, अच्छा," आणि वड्यांबद्दल बोलायला लागायच्या. कुणी कधी वावगं बोललं नाही. तेवढा तो क्षण. आम्ही बौद्ध. घरात मूर्ती होती, वंदना होती, मुलीला पंचशील पाठ होतं. पण त्या क्षणामागे काय आहे हे आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या लांब आणलंय तिला, तिच्यामागे ते कशाला, असं आम्हा दोघांचं मत होतं.

रविवारी सकाळी मी तिला म्हटलं, "उद्या तू दहा मिनिटं ये. त्यांना सांग, चिठ्ठी तिनेच घेतली. झालं. विषय संपला."

ती चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तू तिला डॉब करणार? तिची चहाडी?"

"अगं, पण ते खरंच आहे ना!"

"तिने घरी सांगितलं नाही, म्हणजे तिला सांगायचं नव्हतं. तिचं ते तिचं आहे."

"आणि माझी नोकरी?"

हे माझ्या तोंडून मोठ्याने गेलं. नवरा आतल्या खोलीतून आला. आम्हा दोघींकडे त्याने बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "नोकरीचं आपण बघू. तिला मध्ये घालू नकोस." मला त्याचाही राग आला. त्याची नोकरी दोरीवर लोंबत होती आणि माझी उद्या जाणार होती, आणि घरात दोघंही मला न्याय शिकवत होते. मी उरलेला दिवस इस्त्री करत काढला. धुतलेले कपडे संपले तेव्हा पडदे काढले आणि त्यांना इस्त्री केली.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही विभागप्रमुखांच्या खोलीत बसलो. वडील बसगाड्या दुरुस्त करायच्या कामावर होते. गडद निळा ओव्हरऑल, जाड बूट, स्वच्छ धुऊनही तेलाची रेघ राहिलेली नखं. त्यांनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून माझ्याशी हात मिळवला. आवाज मृदू होता, आणि त्यामुळे मला अधिक भीती वाटली. मुलगी त्यांच्या शेजारी, गुडघे जुळवून बसलेली. माझ्याकडे बघत नव्हती.

विभागप्रमुखांनी सुरुवात केली. चिठ्ठ्या, योगायोग, अध्यापनाची पद्धत. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिठ्ठ्या ना. ठीक. पण माझी मुलगी घरी बसून गुलाम कसा बोलेल याचा सराव करत होती. आरशासमोर. मी दारातून ऐकलं. तुम्हाला कळतंय का मी काय ऐकलं ते?"

विभागप्रमुखांनी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"मग मीच तिला म्हटलं, जायचं नाही," ते म्हणाले. "आमच्या माणसांना काय काय म्हटलं गेलं, ते आम्हाला शाळेत येऊन शिकायचं नाही. रोमन असोत नाहीतर आणखी कुणी. आले, रस्ते बांधले, जमीन घेतली, आणि पुस्तकात रस्त्यांचं चित्र. ही गोष्ट मला पाठ आहे. मला एवढंच विचारायचंय, हे पात्र ठेवायची गरजच काय होती?"

विभागप्रमुख काही बोलायला लागले, पण वडील माझ्याकडे बघत होते. मुलीनेही आता मान वर केली होती. तिच्या डोळ्यांत विनंती होती की धमकी, ते मला कळलं नाही. चिठ्ठीचं मला माहीत आहे हे ती ओळखून होती, एवढं मात्र नक्की. एक वाक्य बोललं असतं तर मी सुटले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, मी सकाळपासून मनातल्या मनात त्याचा इंग्रजीत सराव केला होता.

मी म्हटलं, "पुस्तकात स्नानगृहाचं चित्र आहे. त्यात भट्टी आहे, पण भट्टीपाशी माणूस नाही. तो नसला तर गाव खोटं होतं. म्हणून ठेवलं."

"ते तुम्ही पुस्तकातून बोलताय," ते म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता. "तुम्हाला स्वतःला त्यातलं काय माहीत?"

आणि मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही, इंग्रजी मोडकंच झालं असणार. माझ्या आजोबांच्या गावात एक विहीर होती. तिला पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर आमच्या माणसांनी पाय ठेवायचा नाही. मडकं घेऊन लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. आणि त्या विहिरीतला गाळ काढायचं काम मात्र माझ्या पणजोबांकडे होतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की त्यांना आत उतरवत. गाळ काढून ते बाहेर आले, की मग ब्राह्मण येऊन विहीर शुद्ध करून घेत. हे मी कधी कुणाला इंग्रजीत सांगितलं नव्हतं. खरं तर मराठीतसुद्धा घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. बोलताना माझा आवाज उंच होत गेला. मला तो थांबवता येईना.

वडिलांनी खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "पाणी गोड होतं का?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. "माहीत नाही," मी म्हटलं. "आजोबांनी कधी सांगितलं नाही. नंतर गावात नळ आला."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "डॅड, ती चिठ्ठी मला आली नव्हती. मी घेतली."

ते तिच्याकडे वळले.

"एका मुलाला आली होती. तो त्याची मजा करणार होता. मला ती मजा बघायची नव्हती." मग थांबून, "मिसला माहीत होतं. तिने सांगितलं नाही."

"हो का?" वडिलांनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

ते उठले. मुलीच्या डोक्यावर त्यांनी आपला मोठा हात ठेवला, आणि विभागप्रमुखांना म्हणाले, "हे नाटक की काय आहे, त्या दिवशी मी येणार. चालेल ना?" विचारण्याचा सूर असा होता, की नाही म्हणायची सोय नव्हती.

म्हणजे माझी काळजी संपली नाही, दुप्पट झाली. त्या दिवशी मागच्या बाकांवर ते दोघं शेजारी शेजारी बसले: भिंतीजवळ वाढलेले आमचे विभागप्रमुख आणि कामावरून तसेच आलेले ते वडील, मांडीवर टोपी ठेवून. मी दाराजवळ उभी राहिले.

सुरुवात त्या सोनेरी केसांच्या मुलाने केली. डोक्याला आईचा स्कार्फ बांधून तो व्यापाऱ्याची बायको झाला होता. सगळे हसले, आणि मला वाटलं, संपलं. पण तो हसला नाही. "मी याच बेटावरची," तो म्हणाला. "माझ्या नवऱ्याने मला विकत घेतलं, मग मोकळं केलं, मग लग्न केलं. तो चांगला आहे. पण त्याने मला मोकळं केलं नसतं तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं का, हे मला कुणी विचारत नाही." त्याने ते कुठून आणलं, कोण जाणे.

मग सैनिक बोलला, थंडीबद्दल आणि पायांत घालायच्या लोकरीच्या मोज्यांबद्दल. पुजारीण बोलली. तिने सांगितलं, झऱ्यावरची देवी आमचीच जुनी आहे. रोमन आले, त्यांनी तिच्या नावापुढे आपल्या देवीचं नाव जोडलं. आता तिच्याकडे दोन नावांनी मागणं मागतात, ती दोन्हींना ओ देते. मला हसू आलं. आमच्याकडे अशा किती देवी आहेत, ते तिला सांगावंसं वाटलं.

त्यानंतर माझी मुलगी उभी राहिली. लॅटिन शिकायला घातलेली सरदाराची मुलगी. तिने घरी मला काहीही दाखवलं नव्हतं. ती खिडकीकडे बघत बोलली.

"आई माझ्याशी जुन्या भाषेत बोलते आणि मी लॅटिनमध्ये उत्तर देते. तिला वाटतं, मला लाज वाटते. तसं नाही. मला सगळं समजतं. पण त्या भाषेत मी अजून पाच वर्षांची आहे. मला त्यात फक्त भूक लागली आणि झोप आली एवढंच नीट सांगता येतं. मोठं काही सांगायचं असलं की मला लॅटिनच लागते."

ती खाली बसली. मी काही बोलायला हवं होतं, पुढच्याचं नाव पुकारायला हवं होतं. मी नुसती उभी होते. विभागप्रमुख हळूच खोकले.

शेवटी ती माओरी मुलगी आली. तिने काही वेष केला नव्हता, नेहमीचाच गणवेश. "मी त्या पाण्यात कधी उतरलो नाही," तिने सुरुवात केली. "गरम आहे हे मला माहीत आहे, कारण ते मी गरम करतो. वर कुणी ओरडलं की पाणी गार झालं, की मी लाकडं घालतो. त्यांचे पाय मला माझ्या डोक्यावर ऐकू येतात. ते मला एका नावाने हाक मारतात. ते माझं नाव नाही. माझं नाव मी तुम्हाला सांगणार नाही." आणि जागेवर जाऊन बसली. बसताना तिने मागे वळून वडिलांकडे बघितलं. ते ताठ बसले होते. त्यांनी एकदाच मान हलवली.

तास संपल्यावर विभागप्रमुख माझ्यापाशी आले. "वॉल हा शब्द तुम्ही अजून चुकवताय," ते म्हणाले. "बाकी मला काही म्हणायचं नाही." आणि माझा हात दोन्ही हातांत धरून निघून गेले. गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. शेजारी माझी मुलगी बसली होती. पट्टा लावता लावता तिने विचारलं, "ती भट्टीवाली मला म्हणाली, तुझ्या पणजोबांच्या वडिलांना विहिरीत उतरवायचे. हे खरंय? मला तिच्याकडून कळलं, आई."

मी हो म्हटलं. मग तिथेच, शाळेच्या पार्किंगमध्ये बसून, मी तिला सगळं सांगितलं, मराठीत. ती मध्ये मध्ये इंग्रजीत प्रश्न विचारत होती. तिने रागावून विचारलं, "मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" "तुला जपायचं होतं," असं मी म्हटलं. "कोणापासून?" ती म्हणाली. पार्किंग रिकामं होईपर्यंत आम्ही बसून होतो.

त्या तासाने नोकरी वाचली असं मात्र झालं नाही. रजेवरच्या बाई परत आल्या, आणि पुढच्या वर्षी त्या विषयाला पुरेशी मुलं नव्हती म्हणून तो अर्धाच ठेवला. विभागप्रमुखांनी माझ्यासाठी फार खटपट केली, पण जागाच उरली नाही. त्याच सुमाराला एका संध्याकाळी नवऱ्याने बूट काढले आणि 'आज काही नाही' असं म्हटलं नाही. मी काय समजायचं ते समजले. विचित्र म्हणजे, त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. काही महिन्यांनी त्याला ख्राइस्टचर्चला काम मिळालं आणि आम्ही तिथल्या हॉर्नबी या उपनगरात घर भाड्याने घेतलं.

निघायच्या दिवशी फेरीबोट गाठण्याआधी मी वाटेत खायला म्हणून ब्रेड घ्यायला डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, शिरले. आमच्या गाडीत सामान काचेपर्यंत भरलेलं, नवरा इंजिन चालू ठेवून बाहेर थांबलेला. काउंटरपाशी ते वडील होते. निळा ओव्हरऑल, हातात दुधाची बाटली. मी त्यांना सांगितलं, आम्ही दक्षिणेला चाललो.

"पोरीला सांगतो," ते म्हणाले. "तिला आता ती भिंत बघायला जायचंय. जगाच्या दुसऱ्या टोकाला! तुमच्यामुळे." मग ते हसले, पहिल्यांदाच. "आणि तिथे गेल्यावर मला भट्टी कुठे होती ते शोधून दाखवणार म्हणते."

मी म्हटलं, "किया ओरा." माझा उच्चार कसा होता कोण जाणे. ते म्हणाले, "जपून जा," आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता. आम्हाला उशीर झाला होता.